जळालेली फाईल आणि एक पदक

वाव्हर्ली वुडसन हे नाव आपल्याकडे फारसे कुणी ऐकलेले नसेल. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या ओमाहा किनाऱ्यावर उतरतानाच हे कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक जखमी झाले. तरीही सुमारे ३० तास ते इतर जखमींची मलमपट्टी करत राहिले.

त्या महायुद्धाच्या काळात एकाही कृष्णवर्णीयाला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले नाही. १९९७ मध्ये ते सात जणांना दिले गेले. त्यांत वुडसन नव्हते. पुरावा कुठे होता? १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या लष्करी दप्तरखान्याला आग लागली, १ कोटी ६० लाखांहून अधिक फायली जळाल्या. त्यांत त्यांचीही गेली. दुसऱ्या प्रती काढलेल्याच नव्हत्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमधले एक नाव दुरुस्त करायला किती कागद लागतात, हे आम्ही शिक्षक जाणतो. इथे तर रजिस्टरचीच राख!

२००५ मध्ये वुडसन वारले. पत्नी जोअन यांनी पाठपुरावा सोडला नाही. हाती लागली ती युद्धकाळातली एक सरकारी चिठ्ठी : हे पदक राष्ट्राध्यक्षांनी स्वतः द्यावे अशा तोलाचे आहे, असे तिच्यात सुचवले होते. जून २०२४ मध्ये डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस जाहीर झाला. तो दुसऱ्या क्रमांकाचा, सर्वोच्च नव्हे.