टांकसाळीची चूक की माणसाचा हात

तारापूर, केळवे-माहीम, शिरगाव या आमच्या पट्ट्यावर फिरंग्यांनी दोनशे वर्षांच्या आसपास राज्य केलं. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेनं तारापूरचा किल्ला घेतला, मे महिन्यात वसई पडली. फिरंगी गेले, पण त्यांची नाणी मागं राहिली. पुढं इंग्रजांचा राणीछाप रुपया आला, अकरा ग्रॅम सहासष्ट सेंटिग्रॅम वजनाचा, म्हणजे बरोबर एक तोळा.

हल्ली असलं नाणं वाकडंतिकडं दिसलं की कोणीतरी सांगतो, "टांकसाळीची चूक आहे, लाखाला जाईल." तेव्हा आधी नाणं कसं पडायचं ते बघा. फिरंग्यांचं नाणं हातानं पाडलेलं. खाली एक ठसा, मधे चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव. चकती सरकली की छाप एका कडेला जायची, घाव दोनदा बसला की अक्षरं दुहेरी उठायची. त्यामुळं असं वाकडं नाणं तेव्हा रोजचंच. राणीछाप रुपया यंत्रावरचा, त्यात अशी चूक क्वचित.

रेघेची पारख शेतकऱ्याला लवकर समजेल. नांगराचा तास खोल जातो आणि माती दोन्ही बाजूंना सरते. नंतर पडलेला ओरखडा तसाच, मधे खोल आणि कडेला धातू वर आलेला. ठशालाच तडा गेला असेल तर धातू त्या तड्यात चढतो आणि नाण्यावर बांधासारखी उंच रेघ उठते. ती टांकसाळीची. नुसत्या रंगावर जाऊ नका, जुना ओरखडाही काळा पडतो.

वरच्या कडेला भोक किंवा डाग दिलेली खूण असेल तर ती सोनाराची. आपल्याकडच्या बायकांनी रुपये माळेत ओवून गळ्यात घातले, अडीअडचणीला तेच मोडले. संग्राहक अशा नाण्याला कमी पैसे देतो. पण राणीच्या रुपयाचं आमच्या घरात काय झालं, ते त्या भोकानंच कळतं. म्हणून चिंच लावून घासू नका, आहे तसं ठेवा.

आणि लाखांच्या फोनला भुलून आगाऊ पैसे भरू नका. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी आपला संबंध नाही, हे रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये जाहीर केलंय. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं.