पाच लाखांचा अर्ज

संध्याकाळचे साडेसहा वाजलेत. बंगळूरच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या फेज वनमध्ये कंपनीच्या फाटकातून तुम्ही बाहेर पडता. पिवळ्या मार्गिकेची मेट्रो डोक्यावरून जाते. 10 ऑगस्ट 2025 ला तिचं उद्घाटन झालं आणि सिल्क बोर्डच्या चौकातले तुमचे रोजचे हाल संपले. पायाखाली फूटपाथ आहे, दिवे लागलेत. तुम्ही मूळचे पुण्याचे, म्हणून सवयीने मनात येतं: इथला नगरसेवक कोण?

इथे नगरसेवक नाही. राज्यघटनेच्या 243-क्यू कलमात औद्योगिक नगरीला नगरपालिकेतून सूट देण्याची सोय आहे. 2013 पासून इथला कारभार एल्सिटा हे औद्योगिक नगरी प्राधिकरण पाहतं. मालमत्ता कर तेच गोळा करतं, रस्ते आणि कचराही त्याच्याकडेच. काम नेटकं असतं. पण रोज इथे राबायला येणाऱ्या माणसांसाठी मतपेटी कधी येत नाही.

आता मागे चला.

1978. काचेच्या इमारती विरघळतात. पायाखाली लाल माती, दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं. गावं दोन, कोनप्पना अग्रहार आणि दोड्डतोगूर. किऑनिक्स या कर्नाटक सरकारच्या कंपनीचे आर. के. बलिगा यांनी 332 एकरांवर इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची वसाहत योजली आहे. या शेतांमध्ये ते स्वप्न पाहणाऱ्याच्या धाडसाला तुम्ही मनोमन नमस्कार करता. पण त्या स्वप्नात कारखाने आहेत, रस्ते आहेत; गाव कुठे जमेल याची जागा तुम्हाला दिसत नाही.

थोडं पुढे या. 2001-02, बंगळूर शहर. महापालिकेचे 100 वॉर्ड. ‘जनाग्रह’ ही नागरी संस्था नुकतीच सुरू झाली आहे आणि वॉर्डावॉर्डातले लोक आपल्या भागातल्या कामांचा क्रम लावायला बसलेत. तुम्हीही खुर्ची ओढता. आधी गटार की आधी रस्ता, यावर आवाज चढतात. कुणीतरी सांगतं, गटार नंतर केलं तर नवा रस्ता पुन्हा खोदावा लागेल. सगळे गप्प होतात. अंदाजपत्रक म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला त्या शांततेत कळतं. 2002 मध्ये पालिकेचे तिमाही हिशेब लोकांसमोर आणणारी ‘प्रूफ’ मोहीमही इथेच उभी राहते.

आता घरी, पुण्याला. साल 2006. आयुक्त नितीन करीर यांच्या काळात महापालिकेने नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायला सुरुवात केली आहे. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रेत 1989 मध्ये लोकसहभागी अंदाजपत्रकाचं जे काम सुरू झालं, ते इथे क्षेत्रीय कार्यालयाच्या खिडकीपर्यंत पोचलंय. अर्जात नाव-पत्ता, कामाचं ठिकाण, कामाचा प्रकार. मर्यादा एका कामाला पाच लाखांची, त्यामुळे उड्डाणपूल मागता येत नाही. मागायचं ते फूटपाथ, दिवा, बसथांबा, स्वच्छतागृह.

शेजारी एक बाई पेनाचं टोपण दातात धरून उभ्या आहेत. ‘बाक’ लिहितात, मग थांबतात. “थांब्यापाशी म्हटलं तर कुठला थांबा हे कसं कळणार त्यांना?” तुम्ही म्हणता, “काकू, समोरच्या दुकानाचं नाव घाला.” त्या घालतात. पुढे स्वतःहूनच लिहितात, ‘सावलीच्या बाजूला.’ असे दोन शब्द कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात सापडणार नाहीत. दुपारी दोन वाजता, दुखरे गुडघे घेऊन त्या थांब्यावर जो उभा राहिलाय, त्यालाच ते सुचतात. कारकून आवक शिक्का मारतो. पोच त्या घडी घालून पर्समध्ये ठेवतात.

पुढची वर्षं भराभर सरकतात. काही कामं होतात. एकूण अंदाजपत्रकात या कामांचा वाटा मात्र लहानच राहतो. मंजूर पैसा ‘वर्गीकरण’ करून दुसरीकडे वळवल्याच्या तक्रारी पुणेकर पुन्हा पुन्हा करतात. नुसता अर्ज घेऊन भागत नाही. तो कुठे गेला, का नाकारला, हे अर्जदाराला कळवणं पालिकेवर बंधनकारक हवं. शिवाय अर्ज एकट्याने भरायचा असल्याने बंगळुरातला तो ‘आधी गटार’चा वाद इथे होतच नाही. माझ्या मते पुण्याची खरी उणीव हीच आहे.

डोळे उघडा. पुन्हा फेज वन. फूटपाथ तोच, पण आता तुम्ही तो वेगळ्या नजरेने पाहता. कुठे उतार तुटलाय, रात्रपाळीची मुलगी बसमधून उतरते तिथे अंधार किती असतो, ते टिपून घेता. नवं आर्थिक वर्ष 1 एप्रिलला लागतं. त्याच्या बरंच आधी, सहकाऱ्यांशी वाद घालून ठरलेली तीन कामं ठिकाणासकट लिहा, सह्या घ्या आणि प्राधिकरणाकडे देऊन पोच मागा. पुण्यात आई-बाबा असतील, तर ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांना फोन करा. नागरिकांचे अर्ज साधारण त्याच सुमारास घेतात. बाक कुठे हवा, हे त्यांना विचारा.