१९५७ च्या निकालात ‘समिती’ का सापडत नाही?

मुंबईच्या जुन्या निवडणुकांचे तक्ते सोशल मीडियावर फिरत असतात. १९५७ च्या लोकसभा निकालाच्या पक्षवार तक्त्यात मात्र संयुक्त महाराष्ट्र समिती दिसत नाही. समिती हरली होती का? अजिबात नाही. ती अनेक पक्षांची आघाडी होती आणि उमेदवार नोंदले गेले आपापल्या पक्षाच्या नावाने.

मुंबई शहर मध्य मतदारसंघच बघा. इथून समितीचे दोघे निवडून आले. परळ-लालबागच्या गिरणी कामगारांचे पुढारी श्रीपाद अमृत डांगे कम्युनिस्ट पक्षाचे, तर जी. के. माने शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचे. एका मतदारसंघातून दोन खासदार, कारण तेव्हा काही मतदारसंघ द्विसदस्यीय होते आणि त्यातली एक जागा राखीव असे. मतदाराला दोन मतं, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. साहजिकच मतांची बेरीज मतदान केलेल्या माणसांपेक्षा जास्त भरते. टक्केवारी काढताना लोक इथेच फसतात. ही पद्धत १९६१ च्या कायद्याने बंद झाली.

तक्ता करताना पक्ष आणि आघाडी असे दोन वेगळे रकाने ठेवा. नुसतं ‘समिती : २’ लिहिलं की फेडरेशनची जागा पुसली जाते, आणि ते जास्त खटकतं. ‘समिती : २ (कम्युनिस्ट १, फेडरेशन १)’ एवढं लिहिलं तरी पुरतं.