सातारचे प्रतिसरकार आणि गावचा न्याय

राज्यक्रांतीचे वर्णन करताना इतिहासकाराची लेखणी राजवाडे, तुरुंग आणि खजिने यांच्याभोवती अधिक रेंगाळते, कारण तेथे घडलेल्या घटनांना तारीख असते, साक्षीदार असतात आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंदही असते. परंतु एखाद्या क्रांतीने समाजाच्या अंतरंगात कितपत शिरकाव केला होता हे ज्याला जाणून घ्यावयाचे असेल, त्याने बांधावरून भांडणारे दोघे भाऊ आपला तंटा कोणापुढे नेत होते, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यातील शेकडो गावांतून असे तंटे मामलेदार कचेरीकडे किंवा दिवाणी न्यायालयाकडे जाईनासे झाले, ही त्या प्रदेशात भूमिगत कार्यकर्त्यांनी इंग्रज सरकारला समांतर उभारलेल्या प्रतिसरकारची सर्वांत मोठी कमाई होय.

त्या काळचा सातारा जिल्हा आजच्याहून विस्तीर्ण होता. आज सांगली जिल्ह्यात असलेले तासगाव, वाळवा, शिराळा आणि खानापूर हे तालुके त्यातच मोडत. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुढारी गजाआड गेले, तेव्हा या जिल्ह्याने आरंभी जो मार्ग पत्करला तो उघड्या, निःशस्त्र मोर्चांचा होता. ऑगस्टमध्ये कराडच्या आणि ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर हजारो शेतकरी चालून गेले. पुढे ९ सप्टेंबरला वडूज येथे आणि १० सप्टेंबरला इस्लामपूर येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती, इस्लामपूरला किर्लोस्करवाडीचे उमाशंकर पंड्या व विष्णू बारपटे धारातीर्थी पडले. कचेरीसमोर शांतपणे उभ्या राहिलेल्या माणसाला मिळणारे उत्तर बंदुकीचे असेल, तर त्या कचेरीची मान्यताच काढून घ्यावी, हा विचार भूमिगत कार्यकर्त्यांच्या मनात या रक्तपातानंतर पक्का होत गेला.

तो विचार रुजावा अशी भूमी मात्र आधीच तयार होती. सत्यशोधक चळवळीने कुणब्याच्या मनातला सावकार, भट आणि अंमलदार यांचा धाक एका पिढीपूर्वीच सैल केला होता. १९१९ साली काले येथे स्थापन झालेल्या भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने खेड्यातील मुलांना अक्षरओळख आणि आत्मविश्वास दिला होता. गावोगावच्या तालमींनी शरीराने कसलेले तरुण घडविले होते. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील हे खुद्द काही काळ तलाठी होते आणि १९३०च्या सविनय कायदेभंगाच्या वेळी त्यांनी ती नोकरी सोडली. ज्याने सारावसुलीचे दप्तर स्वतः वागविले आहे, त्याला रयतेची नाडी कोठे आवळली जाते हे पुस्तकातून शिकावे लागत नाही, आणि म्हणूनच त्यांची ग्रामीण बोलीतील भाषणे ऐकणाऱ्याच्या थेट काळजाला भिडत.

आणखी एका गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. या जिल्ह्याच्या नकाशावर संस्थानी मुलुखाचे तुकडे विखुरलेले होते. चळवळीचे प्रमुख ठाणे असलेले कुंडल हे औंध संस्थानात मोडत असे, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर १९३९ सालीच महात्मा गांधींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना देऊन प्रजेच्या हाती कारभार सोपविला होता. खालसातील पोलिसांचा हात ज्या हद्दीत मोकळेपणी फिरू शकत नव्हता, तेथे फरारी माणसाला रात्रीचा आसरा मिळे. एका राजाने स्वखुशीने दिलेले स्वराज्य आणि शेतकऱ्यांनी बळाने उभारलेले प्रतिसरकार यांची ही शेजारसोबत मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते.

शेणोलीजवळ १९४३च्या जूनमध्ये अडविलेली रेल्वे आणि १९४४च्या एप्रिलमध्ये धुळ्याकडे लुटलेला सरकारी खजिना या कथा पोवाड्यांतून सर्वश्रुत आहेत, जी. डी. बापू लाड, नागनाथ नायकवडी, किसन वीर ही नावेही महाराष्ट्र विसरलेला नाही. त्यामानाने प्रतिसरकारने गावोगावचे तंटे मिटविण्यासाठी नेमलेल्या न्यायदान मंडळांची कथा मागे राहिली. रात्री एखाद्या मळ्यात किंवा देवळात दोन्ही पक्षांना बोलावून, गावातील जाणत्या माणसांच्या समक्ष कैफियत ऐकून, बहुधा त्याच बैठकीत निवाडा दिला जाई. सावकाराने अन्यायाने दाबलेली जमीन मूळ मालकास परत करणे, टाकलेल्या बायकोची व्यवस्था लावणे, दारूचे गुत्ते बंद पाडणे ही कामे या मंडळांनी केली. ज्या दिवाणी दाव्यात वकिलाची फी आणि तारखांचे हेलपाटे यांपायी वादीची जमीन निकालाआधीच गहाण पडे, तो दावा पैसा न लागता मिटतो, हा अनुभव कुणब्याला स्वातंत्र्यावरील कोणत्याही व्याख्यानाहून अधिक काही शिकवून गेला. लग्नेही बदलली. हुंडा नाही, मानपान नाही, अल्प खर्चात हार घालून विवाह व्हावा अशी प्रथा पडली, आणि अशी लग्ने पुढाऱ्यांनी स्वतःच्या घरी आधी केली. स्वतः बापू लाडांचा विवाह याच रीतीने कुंडलला झाला.

या सत्तेला कठोर बाजू होती, आणि ती झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गोंधळाचा फायदा घेऊन माजलेल्या दरोडेखोरांचा बंदोबस्त करणे आणि पोलिसांच्या खबऱ्यांना जरब बसविणे हे प्रतिसरकारचे आद्य कर्तव्य ठरले. तळपायांवर फटके मारण्याची जी शिक्षा त्यासाठी प्रसिद्ध झाली, तिच्यामुळे लोक त्याला पत्री सरकार म्हणू लागले. गावांना रात्री दार उघडे टाकून झोपता येऊ लागले हे खरे. पण जेथे वरच्या न्यायालयात दाद मागण्याची सोय नाही, तेथे न्याय करणाऱ्याच्या सचोटीवरच सारी भिस्त राहते, हेही तितकेच खरे. या मंडळांचा तोल बहुतांशी टिकून राहिला, याचे श्रेय मी गावच्या उघड्या बैठकीला देतो.

१९४६ साली काँग्रेसचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर आल्यावर भूमिगत माणसे उजेडात आली. त्यानंतरची वाट सरळ नव्हती. काही काँग्रेसमध्ये राहिले, काही शेतकरी कामगार पक्षात गेले. नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे १९५७ साली साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. गांधीहत्येनंतर, १९४८च्या प्रारंभी, याच प्रदेशात ब्राह्मणांची घरे जाळली गेली. त्या आगीचे खापर प्रतिसरकारच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. परंतु तीन वर्षांच्या समतेच्या शिकवणीनंतरही जातीचा जुना विखार जिवंत होता, हे मान्य केल्यावाचून त्या काळाचे चित्र पुरे होत नाही. दुसरीकडे, वाळव्याचा साखर कारखाना नागनाथअण्णांनी उभारला आणि १९४६च्या फेब्रुवारीत पोलिसांशी लढताना पडलेल्या किसन अहीर यांचे नाव त्याला दिले. संघटनेची जी सवय भूमिगत काळात लागली होती, ती सहकारात उपयोगी पडली.

ज्यांच्या घरच्या भाकरीवर हे सारे चालले, त्या स्त्रियांविषयी मात्र दप्तर जवळजवळ मुके आहे. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई किंवा लीलाताई पाटील यांच्यासारख्या थोड्याजणींची नावे राहिली, ती त्या स्वतः कामगिरीवर गेल्या म्हणून. स्वातंत्र्यसैनिकाच्या निवृत्तिवेतनासाठी सामान्यतः सहा महिन्यांच्या कारावासाचा, अथवा भूमिगत असल्यास फरारी घोषित झाल्याचा, वॉरंटाचा किंवा इनामाच्या जाहीरनाम्याचा कागदी पुरावा मागितला जातो. जिने गंजीच्या आड माणूस लपविला आणि फौजदाराच्या दमदाटीपुढे तोंड उघडले नाही, तिच्याजवळ असा कागद असणार तरी कोठून? तिचे यशच हे की, तिचे नाव पोलिसांच्या वहीत कधी चढले नाही. कृष्णाकाठच्या ज्या घरांतून आजी-पणजीच्या तोंडून या आठवणी ऐकू आल्या असतील, त्या घरांतील शिकलेल्या मुलामुलींनी त्या गावाच्या नावासह आणि माणसांच्या नावांसह लिहून काढाव्यात आणि गावच्या ग्रंथालयात ठेवाव्यात, एवढी माझी त्यांना विनंती आहे.