आचरियमुट्ठी आणि पंढरपूरचा गाभारा

जपानी भाषेत 'ओकुगी' असा एक शब्द आहे. 'ओकु' म्हणजे घराचा अगदी आतला भाग, 'गी' म्हणजे अर्थ. तलवारबाजी, नो नाट्य अशा विद्यांचे अंतिम मर्म गुरू एखाद्याच शिष्यास, पुष्कळदा पुत्रासच देई. झेआमीचे पंधराव्या शतकातील नाट्यविषयक ग्रंथ याच गुप्ततेमुळे १९०९ पर्यंत सर्वांपुढे आले नाहीत.

पालीतील जवळचा शब्द 'आचरियमुट्ठी', म्हणजे आचार्याची मिटलेली मूठ. पण तो तेथे निषेधार्थी येतो. महापरिनिब्बान सुत्तात, वेसालीजवळील बेलुव गावी, आजारातून उठलेले तथागत आनंदास सांगतात की, धम्म शिकविताना आपण आतले-बाहेरचे असा भेद केला नाही व मूठ मिटून काहीही राखून ठेवले नाही.

हे आतले-बाहेरचे पंढरपुरात आम्हांस दगडात दिसते. चोखामेळ्याची समाधी महाद्वारी, नामदेव पायरीपाशी आहे, मंदिराच्या बाहेर. (पंढरपूर मूळचे बौद्ध स्थान, हे बाबासाहेबांनी १९५४ साली देहूरोड येथे मांडलेले मत स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) विठ्ठल-रुक्मिणीचे नित्योपचार बडवे, उत्पात व इतर सेवाधारी घराण्यांत वंशपरंपरेने राहिले. स्नान, वस्त्र, नैवेद्य, आरती. यांत इतरांना न शिकता येण्याजोगे काय होते? साने गुरुजींच्या मे १९४७ मधील उपोषणाने दार उघडले, मूठ उघडली नाही. १९७३ च्या कायद्याने वंशपरंपरागत हक्क रद्द केले. त्यावरील वाद सर्वोच्च न्यायालयात जानेवारी २०१४ मध्ये निकाली निघाला. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागविले.