टोपीतली पिसं आणि वरून आलेला हुकूम : इटलीच्या अकराव्या बेर्सालिएरी रेजिमेंटची कथा

मराठी वाचकाला इटली भेटली ती मॅझिनी आणि गॅरिबाल्डी या दोन नावांतून. सावरकरांनी केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा अनुवाद १९०७ साली छापून आला. तेव्हापासून आपल्या मनात इटलीचं एक चित्र ठरून गेलं आहे : देशभक्त, तुरुंग, लाल डगले आणि शेवटी विजय. या चित्रात एक गोळी मात्र बसत नाही. २९ ऑगस्ट १८६२ रोजी दक्षिण इटलीत आस्प्रोमोंतेच्या डोंगरावर गॅरिबाल्डीच्या पायात गोळी लागली. ती ऑस्ट्रियनांची नव्हती, पोपच्या फौजेचीही नव्हती. ती इटलीच्या राजाच्याच सैनिकांची होती. गॅरिबाल्डी रोम जिंकायला निघाला होता, आणि रोमवरून फ्रान्सशी तंटा राजाला त्या वेळी परवडणारा नव्हता. पुढे आठ वर्षांनी, २० सप्टेंबर १८७० ला, रोमच्या पोर्ता पिया वेशीपाशी तटाला खिंडार पडलं, आणि त्यातून आत शिरले ते त्याच दलाचे लोक. ज्या कामाला निघाला म्हणून गॅरिबाल्डीवर गोळी झाडली, तेच काम पुढे याच दलानं केलं. मधे बदललं काय? तर हुकूम.

या दलाचं नाव बेर्सालिएरी. ‘बेर्सालिओ’ म्हणजे निशाण, नेम धरायचं लक्ष्य. तेव्हा बेर्सालिएरी म्हणजे निशाणबाज. लाइट इन्फन्ट्री हा शब्द आपल्याला बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीमुळे परका नाही. हलकी पायदळं : अंगावर ओझं कमी, पाय चपळ, नेम चांगला.

हे दल स्थापन झालं १८ जून १८३६ ला, सार्डिनियाच्या राज्यात, म्हणजे तूरीन जिथली राजधानी होती तिथं. कल्पना अलेस्सांद्रो ला मार्मोरा या कॅप्टनची. हा माणूस फार लक्षात ठेवण्यासारखा आहे. स्वतःच्या डोक्यानं त्यानं बंदूक तयार केली, देशोदेशीच्या फौजा पाहून आला, आणि राजापुढे प्रस्ताव ठेवला. त्या काळची लढाई कशी होती बघा : माणसं खांद्याला खांदा लावून रांगेत उभी, अधिकारी ओरडला की सगळ्यांनी एकदम बार काढायचा. नेम धरायचा प्रश्नच नाही. ला मार्मोरा म्हणाला, मला असा सैनिक हवा जो रांग सोडून एकटा पुढे जाईल, झाडाआड बसेल, कधी आणि कुणावर गोळी झाडायची हे स्वतः ठरवेल. म्हणून निवड कडक, व्यायाम कडक, आणि चालायचं नाही, पळायचं. आजही संचलनात ही मंडळी मिनिटाला १८० पावलांनी धावत येतात. त्यांचे वादकसुद्धा धावता धावता तुताऱ्या फुंकतात. पाहणाऱ्यालाच धाप लागते! टोपीच्या उजव्या बाजूला काळ्या पिसांचा झुबका असतो. नेम धरणाऱ्या डोळ्यावर सावली पडावी म्हणून तो, असं सांगतात. लाल गोंडेदार टोपीही असते, ती क्रिमियाच्या युद्धात फ्रेंचांच्या झुआव्ह सैनिकांकडून आली. त्याच युद्धात १८५५ च्या जूनमध्ये ला मार्मोरा वारला. १८४८ साली गोइतोच्या पुलावर जबड्याला गोळी लागूनही वाचलेला माणूस कॉलऱ्यानं गेला.

मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे तोफा-बंदुकांपेक्षा मला त्याच्या प्रस्तावातली अडचण जास्त दिसते. स्वतः ठरवणारा सैनिक तुम्ही घडवलात. ठीक. पण त्यानं ठरवायचं कुठपर्यंत? गोळी कधी झाडायची एवढंच, की झाडायची का हेही? कांटनं १७८४ च्या आपल्या प्रबोधनावरच्या निबंधात नेमकं सैन्याचंच उदाहरण घेतलं आहे. तो म्हणतो, हुकूम आला की अधिकाऱ्यानं वाद घालू नये, पाळावा. पण अभ्यासक या नात्यानं सैन्यातल्या दोषांवर लोकांपुढे लिहायची त्याला मोकळीक असावी. उत्तर नीटनेटकं आहे. मात्र ते अधिकाऱ्याला लागू पडतं. ज्याला धड सही करता येत नाही, त्या शेतकऱ्याच्या पोरानं लिहायचं कुठं आणि वाचणार कोण?

आता अकराव्या रेजिमेंटकडे येऊ. ती १८८३ ची. ऑक्टोबर १९११ मध्ये इटलीनं लिबिया घ्यायला फौज उतरवली, त्यात ही रेजिमेंट होती. अरब लोक तुर्कांच्या विरोधात आपलं स्वागत करतील, असं त्या पोरांना सांगितलं गेलं होतं. २३ ऑक्टोबरला त्रिपोलीजवळ शारा शत्त इथं, म्हणजे किनाऱ्याच्या रस्त्यावर, तुर्क आणि अरब मिळून त्यांच्यावर तुटून पडले. दोन कंपन्या जवळजवळ नाहीशा झाल्या. नंतरचे काही दिवस इटालियन फौजेनं त्या खजुराच्या बागांतून सूड घेतला. बायका-मुलंही सुटली नाहीत. शेकडो लोकांना जहाजांत कोंबून इटलीच्या बेटांवर नेऊन टाकलं. फ्रान्सिस मॅककुला नावाच्या आयरिश वार्ताहरानं ते पाहिलं आणि इटालियन सैन्यानं दिलेला आपला परवाना परत केला. इटलीत मात्र शारा शत्तचं स्मरण झालं ते फक्त आपल्या मृतांचं.

याच युद्धाला विरोध केला म्हणून इटलीतला एक तरुण समाजवादी पुढारी तुरुंगात गेला. त्याचं नाव बेनितो मुसोलिनी. चार वर्षांनी, १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात तो सैनिक झाला आणि त्याच्या वाट्याला आली हीच अकरावी रेजिमेंट. फेब्रुवारी १९१७ मध्ये सरावाच्या वेळी उखळी तोफ फुटून तो जखमी झाला. तोवर समाजवाद सुटलाच होता. आघाडीवरच्या त्या दिवसांचं भांडवल त्यानं पुढे जन्मभर केलं.

पण मला आज खरं सांगायचं आहे ते १९२० चं. महायुद्ध संपलं होतं, माणसं घरी जायची वाट पाहत होती. अल्बेनियातल्या व्लोरा बंदरात इटलीची फौज अडकली होती : समोर उठाव करणारे अल्बेनियन, आणि अंगात मलेरिया. तिथं कुमक पाठवायची ठरली. ॲंकोना शहरातल्या व्हिल्लारे बराकीत असलेल्या अकराव्या रेजिमेंटच्या सैनिकांना निघायचा हुकूम आला. २६ जूनच्या पहाटे ते म्हणाले, आम्ही जात नाही. बराक त्यांनी ताब्यात घेतली. ॲंकोना हे मुळातच तापट शहर. १९१४ चा ‘लाल आठवडा’ तिथूनच पेटला होता. बघता बघता गावातले कामगार सैनिकांना मिळाले, रस्त्यांत अडथळे उभे राहिले, आजूबाजूच्या गावांत लोण पोचलं. बंड मोडायला सरकारला नौदलाच्या तोफा वापराव्या लागल्या. माणसं मेली, खटले झाले.

बंड हरलं असं म्हणायचं, तर पुढचं ऐका. पंतप्रधान जोलित्ती हा मुरलेला राजकारणी. सैन्य जायला तयार नाही हे त्यानं ओळखलं. २ ऑगस्टला तिरानामध्ये करार झाला, आणि इटलीनं व्लोरा सोडलं. ठेवलं ते फक्त समोरचं साझेनोचं बेट.

काही जण म्हणतात, त्या पोरांना अल्बेनियाच्या स्वातंत्र्याशी काय देणंघेणं, त्यांना घरी जायचं होतं. असेल. पण घरी जायचं होतं म्हणून नाही म्हणणं, यात कमीपणा काय आहे मला कळत नाही. १९११ मध्ये त्याच रेजिमेंटच्या पोरांनाही घरीच जायचं असणार. नऊ वर्षांत त्या रेजिमेंटनं खंदक पाहिले होते, आणि कुणाच्या शब्दावर कुठं उतरायचं हा प्रश्न त्यांच्यापुरता तरी रोकडा झाला होता. कांटनं दिलेली लिहायची सोय त्यांच्याकडे नव्हती. बराकीचं दार होतं, ते त्यांनी बंद केलं.

त्यानंतर दोनच वर्षांनी याच रेजिमेंटचा जुना सैनिक पंतप्रधान झाला. दुसऱ्या महायुद्धात रेजिमेंट युगोस्लाव्हियात गेली, लोकांच्या देशावर कब्जा ठेवायला, आणि सप्टेंबर १९४३ च्या शरणागतीत विखुरली. १९७५ च्या सैन्यरचनेत अकरा हा आकडा एका बटालियनला मिळाला, आणि बटालियनला नाव दिलं ‘काप्रेरा’. काप्रेरा म्हणजे ते बेट, जिथं पायाला गोळी लागलेला गॅरिबाल्डी पुढे राहिला आणि जिथं त्याला पुरलं आहे.