कासवाची पाठ, गिटारची नखी

सतार शिकायला बसलेल्या विद्यार्थ्याच्या तर्जनीत पहिल्याच दिवशी तारेची नखी, म्हणजे मिजराब चढते. सरोदवादकाच्या हातात नारळाच्या करवंटीपासून घासून तयार केलेला जवा असतो. गिटारवादक अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जो छोटा त्रिकोणी तुकडा धरतो, त्याला तो पिक म्हणतो. तिन्हींचे काम एकच, तार छेडणे. वाद्यांच्या इतिहासात लाकूड, भोपळे, तारा, पडदे आणि कारागीर यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. बोट आणि तार यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या इवल्याशा वस्तूकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक तिच्या इतिहासात एक जुना प्रश्न दडलेला आहे: सूर वस्तूत किती असतो आणि हातात किती? हा प्रश्न केवळ रसिकांच्या वादापुरता राहिला नाही. त्याच्या उत्तरावर समुद्रातल्या एका प्राण्याचे जगणेही काही अंशी अवलंबून होते.

पाश्चात्त्य परंपरेत नखीला प्लेक्ट्रम म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक, ‘आघात करणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला. प्राचीन ग्रीक रंगीत भांड्यांवर लायर वाजवणाऱ्यांच्या उजव्या हातात ती दिसते. पुढची महत्त्वाची नोंद अरबी संगीतातली आहे. बगदादच्या संगीतपरंपरेत घडलेला झिर्याब हा कलावंत ८२२ च्या सुमारास स्पेनमधील कोर्दोबाच्या दरबारी आला. त्याने ऊद या वाद्यासाठी लाकडी नखी सोडून गरुडाच्या पिसाची नखी घेतली, असे सतराव्या शतकातला इतिहासकार अल-मक्करी सांगतो. पीस हाताला हलके वाटते आणि तारांना कमी झिजवते, ही त्यामागची कारणे. सुधारणेचे श्रेय एकाच माणसाला देण्याची परंपरेची सवय लक्षात घेतली, तरी कारणे वादकाच्या अनुभवातली आहेत. कोणती नखी घ्यावी, हा आजच्या नवशिक्याचा प्रश्न निदान हजार वर्षे जुना आहे, हेही त्यातून कळते.

ऊद युरोपात गेले आणि ‘अल-ऊद’चे ल्यूट झाले. सुरुवातीला ल्यूटही पिसानेच वाजत असे. पिसाने एका वेळी एक सुरावट उत्तम निघते, पण पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय संगीताला एकाच वाद्यावर तीन-चार स्वतंत्र सुरावटी हव्या होत्या. मग वादकांनी पीस खाली ठेवले आणि बोटांनी तारा छेडायला सुरुवात केली. १५०७ मध्ये पेत्रुच्ची या प्रकाशकाने व्हेनिसमध्ये ल्यूटची स्वरलिपी छापली. तिच्यात काही आकड्यांखाली टिंबे आहेत. जिथे टिंब, तिथे तार खालून वर छेडायची. प्रत्यक्षात अंगठ्याने खाली जोरकस आघात आणि तर्जनीने वर हलका आघात, असा हा क्रम होता. म्हणजे पिसाची जी खाली-वर चाल होती, तीच आता दोन बोटांनी उचलली. पीस गेले, पण त्याची चाल हातात राहिली. आपल्याकडे सतारीवर ‘दा’ आणि ‘रा’ हे बोल विद्यार्थ्याकडून महिनोन्महिने घोटून घेतात, त्यामागेही हीच समज आहे. नखी बाजारात मिळते, चाल मात्र हातात मुरवावी लागते.

नखीला पुन्हा महत्त्व आले ते मेंडोलिनमुळे. अठराव्या शतकात नेपल्सचे मेंडोलिन पिसानेच वाजवले जाई. एकोणिसाव्या शतकात व्हिनाच्चिया घराण्यातल्या कारागिरांनी त्यावर ताणलेल्या पोलादी तारा चढवल्या, तसा आवाज वाढला. या तारांपुढे पीस टिकेना. टणक तरी किंचित लवचीक, गुळगुळीत आणि झिजले तरी पुन्हा घासून धार लावता येईल, असे काहीतरी हवे होते. ते मिळाले हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या पाठीवर. ससाण्यासारखी चोच असलेल्या या कासवाच्या पाठीवर तेरा मोठे पापुद्रे कौलांसारखे एकावर एक रचलेले असतात. त्यांचा मुख्य घटक केराटिन, आपल्या नखांचाही तोच. वादकाला हे दुसऱ्याचे नख आपल्या नखासारखे वाटावे, यात नवल नाही. जपानमध्ये शामिसेन या वाद्याच्या मोठ्या नख्याही या कवचापासून घडवल्या जात. कंगवे, चष्म्यांच्या चौकटी आणि शोभेच्या पेट्या यांच्या मानाने नख्यांना लागणारे कवच थोडेच, पण ज्या बाजारासाठी कासवे मारली जात होती, त्या बाजारात संगीतही गिऱ्हाईक म्हणून उभे होते.

पर्याय आला तो रसायनशाळेतून. अमेरिकेत जॉन वेस्ली हायट याने १८७० च्या सुमारास सेल्युलॉइड सिद्ध केले. बिलियर्डच्या चेंडूंसाठी हस्तिदंताला पर्याय शोधताना हाती आलेला हा पदार्थ लवकरच कासवाच्या कवचाची पिवळी-तपकिरी झाक हुबेहूब दाखवू लागला. १९२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी’आंद्रेआ या इटालियन स्थलांतरिताने सेल्युलॉइडच्या पत्र्यातून नख्या कापायला सुरुवात केली. त्याच्या हाती आलेला हृदयाच्या आकाराचा साचा मुळात वेगळ्याच कामाचा होता, अशी कथा सांगतात. पहिले गिऱ्हाईक मेंडोलिनवाले होते. पुढे गिटारची लाट आली आणि डी’आंद्रेआच्या यादीतला ३५१ क्रमांकाचा गोलसर त्रिकोण जगभर रूढ झाला. आज दुकानात ‘साधी पिक’ मागितली, तर बहुधा त्याच आकाराची हातात पडते.

सेल्युलॉइडची आणखी एक ओळख इथे सांगायला हवी. ते चटकन पेट घेते. १९२८ मध्ये पॅरिसजवळच्या भटक्यांच्या वस्तीत जँगो राइनहार्ट या तरुण वादकाच्या गाडीला आग लागली. त्याची पत्नी विक्रीसाठी सेल्युलॉइडची फुले करीत असे आणि ती फुले मेणबत्तीने पेटली. जँगोच्या डाव्या हाताची दोन बोटे जवळजवळ निकामी झाली. उरलेल्या दोन बोटांनी त्याने सुरावटी नव्याने बसवल्या आणि १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या वाद्यवृंदातून युरोपीय जॅझला आपले वळण दिले.

डाव्या हाताची ही कहाणी सर्वांना ठाऊक असते. अभ्यासण्याजोगा आहे तो त्याचा उजवा हात. विजेशिवाय व्हायोलिनच्या बरोबरीने ऐकू जायचे होते. त्याच्या परंपरेत मनगट किंचित वाकवून, हात वाद्यावर न टेकता, सैल सोडलेला असतो. खालचा आघात पुढच्या तारेवर जाऊन विसावतो. तार बदलली की नवी सुरुवात पुन्हा खालच्या आघातानेच होते, मग लागोपाठ दोन आघात खाली आले तरी चालतात. ऊदवादकही असाच आघात करतो. गरजही दोघांची एकच होती: हाताच्या वजनातून आवाज काढणे.

विजेचे गिटार आले आणि ही गरज बदलली. १९३९ मध्ये बेनी गुडमन यांच्या संचात आलेला चार्ली ख्रिश्चन बहुतेक आघात खालीच करी, पण आवाज वाढवायला यंत्र असल्याने तो हलक्या हाताने सनईसारखी सलग ओळ काढू शकला. १९६२ मध्ये डिक डेलने ‘मिसिरलू’ ही पूर्व भूमध्य प्रदेशातली धून गिटारवर अतिवेगाने वाजवली, ती एकाच तारेवर खाली-वर आघातांची झड लावून. डेलचे वडील लेबनॉनी वंशाचे होते आणि लहानपणी त्याने काकांकडून ऊद ऐकले होते. झिर्याबच्या वाद्याची चाल अशी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर पोचली.

याच सुमारास कासवांची संख्या घटत चालली होती. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हॉक्सबिलला संरक्षण दिले. १९७३ मध्ये ठरलेला, वन्य प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू झाला आणि कवचाच्या व्यापाराला कायद्याने अटकाव झाला. जपानने आयात थांबवायला १९९२ चा शेवट गाठला. नख्या बनवणाऱ्यांना आता नक्कल रंगाची नव्हे, स्पर्शाची करायची होती. १९८१ मध्ये डनलॉप कंपनीने टॉर्टेक्स ही नखी आणली. नावातच कासव आहे आणि नखीवर कासवाचे चित्रही. पिवळी ०.७३ मिलिमीटर, हिरवी ०.८८, निळी १.००, अशी रंगांवरून जाडी ओळखायची सोय तिच्यात झाली.

हे रंग पाहून नवशिक्या गोंधळतो, पण निवडीचे तत्त्व साधे आहे. पातळ नखी तारेपाशी वाकते, त्यामुळे झंकाराच्या साथीला बरी. जाड नखी वाकत नाही, म्हणून हाताचा हुकूम तारेपर्यंत लगेच पोचतो. सुटे स्वर वाजवायला ती हवी. टोक अणकुचीदार असेल तर सूर धारदार, गोल असेल तर मऊ. तीच नखी घोडीजवळ चालवली तर आवाज पातळ आणि लखलखीत होतो, पडद्यांकडे सरकवली तर भरीव. नखी जराशी तिरपी धरली, चिमटीबाहेर टोकच ठेवले, मनगट सैल सोडले आणि संथ लयीत खाली-वर आघात समान होईपर्यंत घोटले, तर दहा नख्या बदलून जे साधत नाही ते साधते. क्वीन या बँडचा ब्रायन मे तर जुन्या इंग्लिश सहा पेन्सच्या नाण्याने वाजवतो, आणि त्याचा सूर दोन आघातांत ओळखू येतो.

जुन्या कवची नख्यांचे चाहते आजही आहेत. त्या सुराची सर कशालाच नाही, असे ते सांगतात. त्यांच्या कानांवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. कवच तारेवरून निसटते ते खरोखरच वेगळ्या रीतीने. पण ल्यूटवाल्यांनी पीस सोडले तेव्हाही काहीतरी गेलेच असणार, आणि त्यांच्या बोटांनी त्यातून नवे संगीत उभे केले. लाकूड, पीस, कवच, सेल्युलॉइड, आताचे प्लास्टिक, इतकी स्थित्यंतरे झाली तरी खाली-वर ही चाल कुठेच तुटली नाही. एखाद्या प्राण्याची पाठ सोलल्याशिवाय सूर लागत नाही, हा दावा या इतिहासापुढे टिकत नाही. हॉक्सबिल आज अतिसंकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे. त्याचे कवच त्याच्याच पाठीवर राहू द्यावे. गिटार त्यावाचून उत्तम वाजते.